'कमी झाले' म्हणजे नेमके काय झाले?

विहीर आटते, पूर ओसरतो, ताप उतरतो, वारा पडतो, गर्दी पांगते, प्रकृती खालावते, पायातल्या वहाणेचा तळ झिजतो आणि पहिल्या धुण्यातच नवा सदरा आखडतो. या आठही ठिकाणी कोणती तरी गोष्ट कमी झालेली आहे. परंतु 'पूर आटला' किंवा 'ताप पांगला' असे मराठी घरातले पाच वर्षांचे मूलही म्हणणार नाही. हे त्याला कोणी शिकविलेले नसते. कोणत्या वस्तूचे कमी होणे कोणत्या क्रियापदाने सांगावे, हे ज्ञान त्याला आईच्या बोलण्यातून आपसूक मिळालेले असते.

हेच मूल मोठे होते, शिकते, नोकरीनिमित्त कलकत्त्यास किंवा बंगलोरास जाते आणि तेथे त्याचा दिवसभराचा व्यवहार इंग्रजीतून सुरू होतो. मग मात्र चमत्कारिक गोष्ट घडते. पाणी, पूर, ताप, गर्दी, पगारातली शिल्लक, डोक्यावरचे केस, सर्वांना तो एकच क्रियापद लावतो: 'रिड्यूस'. फार तर अर्जात किंवा अहवालात 'डिक्रीज'. मायबोलीत जो मनुष्य आठ तऱ्हेने कमी होण्याचे वर्णन करू शकतो, तो परभाषेत एका शब्दावर येऊन थांबतो. वाचकहो, यात केवळ भाषेच्या सौंदर्याचा प्रश्न असता तर त्यासाठी आपला वेळ घेण्याचे धाडस मी केले नसते. परंतु आज औषधाची चिठ्ठी, वर्तमानपत्रातील भाववाढीची बातमी, बाजारातील पाकीट आणि सरकारी अहवाल या सर्वांतून हे शब्द आपल्या घरात येतात. ते नीट वाचता आले नाहीत तर 'कमी झाले' एवढेच कळते. कोणी केले, किती झाले, आणि गेलेले परत येणार की नाही, हे कळायचे राहून जाते.

प्रथम 'रिड्यूस' हाच शब्द घेऊ. लॅटिन भाषेत त्याचा मूळ अर्थ 'मागे नेणे', 'परत जागेवर आणणे' असा होता. लहान करण्याचा अर्थ त्याला पुढे चिकटला. हा जुना अर्थ अजून एका ठिकाणी जिवंत आहे, आणि तो तेथे भेटला की भलेभले गोंधळतात. माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ न्हाणीघरात पाय घसरून पडले व त्यांचे मनगट मोडले. रुग्णालयातील कागदावर 'क्लोज्ड रिडक्शन' करावयाचे असे लिहिलेले होते. त्यांचे चिरंजीव चांगले पदवीधर. पण तो कागद वाचून त्यांच्या तोंडचे पाणी पळाले. वडिलांचे हाड डॉक्टर कापून लहान करणार, अशी त्यांची समजूत झाली होती! वास्तविक सरकलेले हाड कातडीला छेद न देता हाताने ओढून पुन्हा मूळ जागी बसविणे, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे हाडवैद्य पिढ्यान् पिढ्या जे 'हाड बसविणे' म्हणत आले तेच ते.

आपल्याकडील इंग्रजी बोलण्यात 'रिड्यूस'चा आणखी एक वापर सर्वत्र ऐकू येतो. एखादी मैत्रीण बऱ्याच दिवसांनी भेटली की 'यू हॅव रिड्यूस्ड' असे आपण कौतुकाने म्हणतो. ही निव्वळ चूक आहे असे मी म्हणणार नाही. वजन उतरविण्यासाठी पथ्य करण्याच्या अर्थाने अमेरिकेत हा शब्द एके काळी असाच वापरीत असत. तथापि आजच्या लेखी इंग्रजीत 'रिड्यूस'ला बहुधा कर्ता लागतो. सरकार कर 'रिड्यूस' करते, गृहिणी खर्च 'रिड्यूस' करते. करणारा हात वाक्यात दिसतो, किंवा निदान तो कोठे तरी आहे हे वाचणाऱ्यास ठाऊक असते. हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा; पुढे त्याची गरज पडणार आहे.

याच्या उलट 'ड्विंडल'. येथे कोणी काही करीत नाही. वस्तू आपोआप, थोडी थोडी, पाहता पाहता सरत जाते. जुन्या इंग्रजीत झुरणे, खंगणे या अर्थाचे एक क्रियापद होते, त्याचेच हे पुढचे रूप. शेक्सपिअरच्या नाटकात फॉल्स्टाफ नावाचा अगडबंब सरदार आपण कसे वाळत चाललो आहोत याचे रडगाणे गातो, तेथे हा शब्द आलेला आहे. लेखी इंग्रजीतील त्याच्या पहिल्या उपयोगांपैकी तो एक होय. मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द 'रोडावणे'. शाळेतील पटसंख्या रोडावते, सभेची उपस्थिती रोडावते, डब्यातले लाडू मात्र 'ड्विंडल' होतात असे लहान मुलांच्या देखत म्हणू नये, कारण तेथे करणारे हात चांगले ठाऊक असतात.

आता एका शब्दापाशी थोडे अधिक थांबावेसे वाटते. चंद्राच्या कला वाढू लागल्या की इंग्रज 'वॅक्स' म्हणतो आणि घटू लागल्या की 'वेन'. आपले शुक्ल आणि कृष्ण पक्ष ते हेच. हा 'वेन' शब्द प्राचीन इंग्रजीतला आहे. मुळात त्याचा अर्थ उणे होणे. आणि 'उणे' हा आपला शब्द ज्या संस्कृत 'ऊन' शब्दापासून आला, तो आणि हा 'वेन' एकाच घराण्यातले आहेत असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. एक भाऊ पश्चिमेकडे गेला व थेम्सच्या काठी राहिला, दुसरा आपल्याकडे आला. आपल्याकडचा भाऊ तर इतका घरोब्याचा झाला की तो कोठे बसला आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. एकोणीस, एकोणतीस, एकोणपन्नास या संख्या म्हणून पाहा. एकोणीस म्हणजे 'एक-ऊन-वीस', एकाने उणे असलेले वीस. पाढे म्हणणारे प्रत्येक मूल दहा-दहाच्या टप्प्याआधी या उणेपणाचा उच्चार करून पुढे जाते. इंग्रजीतील 'वॉन्ट' हा शब्दही याच कुटुंबातला. त्याचा पहिला अर्थ इच्छा नव्हे, तर उणीव. जे उणे असते ते माणसास हवेसे वाटते, या वाटेने तो इच्छेपर्यंत पोहोचला.

'वेन' शब्दात एक दिलासा असतो. अमावास्येनंतर प्रतिपदा आणि बीज येतेच. म्हणूनच एखाद्या राजवंशाचे वैभव 'वेन' झाले असे लिहिताना चांगला इंग्रज लेखक ते पुन्हा उगवेल की नाही याचा विचार मनात ठेवून लिहितो. गंमत अशी की चंद्रकोरीला इंग्रजीत जो 'क्रेसेंट' शब्द आहे, त्याचा लॅटिन अर्थ 'वाढणारी' असा आहे. ज्या धातूपासून तो आला, त्यालाच उलटा उपसर्ग लावून 'डिक्रीज' तयार झाला आहे. म्हणजे 'डिक्रीज' हे 'वाढी'चे सरळ उलटे. आकड्यांच्या भाषेत निरोगी, स्वच्छ, परंतु चवीला अगदी सपक.

'डिमिनिश' या शब्दाचा गोतावळा त्याहून गमतीचा. 'मायनस' म्हणजे उणे, हे तर शाळेपासून आपल्या परिचयाचे. तासाचा पहिला लहान केलेला भाग तो 'मिनिट' आणि दुसऱ्यांदा लहान केलेला भाग तो 'सेकंद'. उपाहारगृहातील 'मेनू' म्हणजे बारीकसारीक तपशिलाची यादी. तोही याच कुळातला. आणि 'मिनिस्टर'? लॅटिनमध्ये 'मॅजिस्टर' म्हणजे जो मोठा तो, धनी किंवा गुरुजी. त्याच धर्तीवर 'मिनिस्टर' म्हणजे जो लहान तो, सेवक. मंत्रिमहोदयांच्या सत्काराच्या भाषणात ही व्युत्पत्ती कोणी सांगितल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

परंतु 'डिमिनिश' हा शब्द केवळ आकाराचा नव्हे; त्यात मोल कमी होण्याची छटा असते. एखाद्याचे वजन 'डिक्रीज' होते, पण त्याचा लौकिक 'डिमिनिश' होतो. वाढत्या खताबरोबर पिकाची वाढ प्रत्येक खेपेस थोडी थोडी कमी होत जाते, त्याला अर्थशास्त्रात घटत्या फलाचा नियम म्हणतात. तेथे इंग्रजीत हाच शब्द येतो. दुसरे पोतेही पहिल्याइतकेच भरलेले असते. पण त्याची किंमत शेतास पहिल्याइतकी वाटत नाही.

पाण्याकडे वळू या. भरतीनंतरची ओहोटी म्हणजे 'एब'. कोकण किनाऱ्यावरील वाचकांना हा शब्द समजावून सांगण्याची गरज नाही. रोज दोनदा समुद्र मागे जातो आणि दोनदा परत येतो, हे त्यांच्या अंगणात घडत असते. म्हणून 'एब' शब्दातही परतण्याचे आश्वासन आहे. वादळ किंवा वेदना यांचा जोर मोडला की 'अबेट'. मूळ अर्थ खाली पाडणे. पुराचे पाणी, सूज, कोलाहल ही वर आलेली असतात ती खाली बसली की 'सबसाइड'. याचा मूळ अर्थच मुळी 'खाली बसणे' असा आहे. मराठीतही धूळ बसते, आवाज बसतो. मात्र हाच शब्द जमिनीला लागला की त्यातले समाधान नाहीसे होते. २०२३ च्या जानेवारीत उत्तराखंडातील जोशीमठ येथे घरांच्या भिंतींना तडे गेले आणि लोकांना घरे सोडावी लागली, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी जमिनीसाठी हाच शब्द वापरला. पूर खाली बसला तर देव पावला. घराखालची जमीन खाली बसली तर काय म्हणायचे?

आणि मध्य आशियातील अरल समुद्राचे काय म्हणायचे? १९६० साली त्याचा विस्तार सुमारे अडुसष्ट हजार चौरस किलोमीटर होता. त्यास मिळणाऱ्या अमू दर्या व सिर दर्या या दोन नद्यांचे पाणी सोव्हिएत राजवटीत कापसाच्या शेतीकडे वळविले गेले, आणि २००७ च्या सुमारास मूळ विस्ताराचा जेमतेम दशांश उरला. मुयनाक हे एके काळचे मच्छीमारांचे बंदर. तेथे गंजलेल्या बोटी वाळूत उभ्या आहेत आणि पाणी दृष्टीच्या पलीकडे गेले आहे. इंग्रजी पुस्तकांतून 'समुद्र मागे सरला', 'समुद्र आक्रसला' अशी वाक्ये आढळतात. ती खोटी नाहीत. परंतु ओहोटीने मागे सरणारा समुद्र निराळा आणि ज्याचे पाणी कोणी वाटेतच काढून घेतले तो निराळा. उत्तरेकडील लहान भाग बांध घालून वेगळा केल्यावर २००५ नंतर तेथील पातळी पुन्हा वर आली. म्हणजे जे माणसाच्या हाताने गेले त्यातील थोडे माणसाच्या हातानेच परत आले.

आता मोजण्याच्या गोष्टी आणि मापण्याच्या गोष्टी यांतील भेद. इंग्रजी शिकविणारे गुरुजी सांगतात की पाणी, दूध, वेळ यांना 'लेस' आणि माणसे, भांडी, पुस्तके यांना 'फ्यूअर' लावावे. हा नियम वेदवाक्य नव्हे. राजा आल्फ्रेडच्या काळापासून, म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळ, इंग्रज लोक मोजता येणाऱ्या वस्तूंनाही 'लेस' लावीत आलेले आहेत. १७७० साली रॉबर्ट बेकर नावाच्या लेखकाने आपल्याला 'फ्यूअर' अधिक शोभिवंत वाटते असे मत नोंदविले. पुढे त्या आवडीचा नियम झाला. २००८ साली टेस्को या ब्रिटिश दुकानसाखळीने 'दहा किंवा त्याहून कमी वस्तू' अशी पाटी काढून 'दहा वस्तूंपर्यंत' अशी पाटी लावली आणि 'लेस'-'फ्यूअर' हा वादच टाळला. परीक्षेत नियम पाळावा हे उत्तम. परंतु हा नियम मोडल्याने कोणाचे नुकसान होत नाही. खरे नुकसान होते ते पुढच्या जागी.

'महागाई घटली' अशी बातमी आपण वाचता आणि पिशवी घेऊन बाजारात जाता. तेथे डाळीचा भाव काल होता त्याहूनही चढा. मग बातमी खोटी की वाणी खोटा? बहुधा दोघेही खरे असतात. समजा, जी डाळ शंभर रुपयांना होती ती पहिल्या वर्षी आठ टक्क्यांनी वाढून एकशे आठ रुपयांस मिळू लागली. दुसऱ्या वर्षी वाढ चारच टक्के झाली. भाव एकशे बारा रुपये बत्तीस पैसे. महागाईचा दर आठावरून चारावर आला, म्हणजे निम्म्यावर आला. आणि डाळ मात्र चार रुपये बत्तीस पैशांनी महाग झाली. घटली ती चढण्याची गती, भाव नव्हे. इंग्रजीत या दोहोंस दोन शब्द आहेत. गती मंदावली तर 'डिस्इन्फ्लेशन', प्रत्यक्ष भाव खाली आले तर 'डिफ्लेशन'. मराठी वृत्तपत्रांत दोहोंसाठी 'घट' हा एकच शब्द छापलेला मी अनेकदा वाचला आहे. 'महागाईचा वेग मंदावला' असे लिहिण्यास कितीशी शाई अधिक लागणार?

हाच घोटाळा लोकसंख्येच्या आकड्यांत होतो. जनगणनेप्रमाणे १९९१ ते २००१ या दशकात देशाची लोकसंख्या सुमारे साडेएकवीस टक्क्यांनी वाढली. पुढील दशकात वाढीचे प्रमाण सुमारे १७.७ टक्क्यांवर उतरले. ही उतरण लहान नव्हे. तरीही दोन्ही दशकांत देशात भर पडली ती प्रत्येकी सुमारे अठरा कोटी माणसांचीच, कारण दुसऱ्या दशकाच्या आरंभी मूळ आकडाच मोठा झालेला होता. 'वाढ घटली' हे विधान बरोबर. 'लोकसंख्या घटली' हे चूक. मध्ये एक शब्द गळला की अठरा कोटी माणसे गळतात.

औषधाच्या चिठ्ठीवर 'टेपर' असा शब्द आढळला तर त्याकडे मात्र विशेष लक्ष द्यावे. जुन्या इंग्रजीत 'टेपर' म्हणजे मेणबत्ती. खाली जाड, वर निमुळती. त्या आकारावरून क्रियापद झाले: हळूहळू निमुळते करीत नेणे. काही औषधे, विशेषतः दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड वर्गातील औषधे, एकाएकी बंद करावयाची नसतात. बाहेरून औषध मिळत असताना शरीरातील ग्रंथींनी आपले काम कमी केलेले असते, त्यांना पुन्हा कामास लागण्यास अवधी द्यावा लागतो. म्हणून डॉक्टर आज चार, पुढच्या आठवड्यात तीन, मग दोन असा उतरता क्रम लिहून देतात. बरे वाटू लागताच 'आता कमीच करायचे आहे ना' म्हणून गोळ्या एकदम सोडून देणारे रुग्ण थोडे नाहीत, आणि त्यामुळे जिवावर बेतण्याचा प्रसंगही येऊ शकतो. 'कमी करणे' आणि 'निमुळते करीत नेणे' यांत येथे जीवन-मरणाचे अंतर आहे.

बाजारात याच्या नेमका उलटा प्रकार चालतो. तेथे कमी करणारा ते कोणाच्या लक्षात न यावे म्हणून झटत असतो. बिस्किटांचे पाकीट वर्षानुवर्षे पाच रुपयांसच मिळते. गृहिणीस वाटते, निदान एक वस्तू तरी महाग झाली नाही. वास्तविक पाकिटातील बिस्किटांचे वजन मधूनमधून काही ग्रॅमांनी उतरलेले असते. कापड धुतल्यावर आखडते त्यास इंग्रजीत 'श्रिंक' म्हणतात. त्या 'श्रिंक'ला चलनवाढीच्या 'इन्फ्लेशन'चे शेपूट जोडून या शतकात 'श्रिंकफ्लेशन' असा शब्द रूढ झाला. कानाला कर्कश असला तरी शब्द मोठा प्रामाणिक आहे. किंमत स्थिर आणि वस्तू लहान, म्हणजे ही महागाईच, एवढे तो एका दमात सांगतो. आपल्याकडे वजनमापांच्या नियमांत २०२१ साली जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे बांधीव मालाच्या पाकिटावर एककाची किंमत छापण्याचे बंधन आले: एक किलोहून कमी माल असेल तर दर ग्रॅमला किती, अधिक असेल तर दर किलोला किती. अक्षरे बारीक असतात खरी, पण पाकिटावरील मोठ्या आकड्यापेक्षा तो बारीक आकडा अधिक बोलका असतो. मागील महिन्याचे रिकामे पाकीट फेकण्यापूर्वी नव्याशेजारी एकदा धरून पाहावे.

'डेसिमेट' या शब्दाविषयी थोडेसे. हा शब्द लॅटिनमधल्या 'दहाव्या'वरून आला. आपला 'दशम' त्याचा आप्त. बंड किंवा पळपुटेपणा करणाऱ्या रोमन पलटणीस शिक्षा म्हणून चिठ्ठ्या टाकून दर दहांतला एक सैनिक निवडीत आणि त्याच्याच सोबत्यांकडून त्याला ठार करवीत. म्हणजे या भीषण शिक्षेनंतरही दहांतले नऊ जगत. आज इंग्रजीत सर्रास 'वाताहत झाली', 'संहार झाला' या अर्थी तो वापरतात. आपल्या देशातील गिधाडांविषयीही तो वापरला गेला. पण तेथे काय झाले ते पाहा. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची १९९० नंतरच्या आरंभीच्या वर्षांतील संख्या आणि २००७ सालची संख्या यांची तुलना केली असता हजारात जेमतेम एक उरल्याचे पाहणीत आढळले. रोमन सेनापतीसही लाज वाटावी असा हा हिशेब! कारण २००४ साली उघड झाले: गुराढोरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जाई आणि त्याची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली भारताने पशुवैद्यकासाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. कारण सापडेपर्यंत मात्र अनेक कागदपत्रांत 'डिक्लाइन' हा शब्द होता.

'डिक्लाइन' म्हणजे कलणे, उतरणीस लागणे. सूर्य कलतो, वय कलते, घराण्यास उतरती कळा लागते. कोणाचा दोष नाही, कोणाचा हात नाही. काळाचाच तो स्वभाव. गिधाडांच्या बाबतीत हा शब्द प्रथम क्षम्य होता, कारण कारण ठाऊक नव्हते. जेथे कारण सर्वांस ठाऊक असते तेथे तोच शब्द योजणे ही निराळी गोष्ट होय.

शून्य ते सहा वर्षे वयाच्या दर हजार मुलग्यांमागे मुली किती, हा आकडा प्रत्येक जनगणनेत काढला जातो. १९६१ साली तो ९७६ होता, १९९१ साली ९४५, २००१ साली ९२७. २०११ साली तो आणखी खाली आला. महाराष्ट्रात १९९१ च्या ९४६ वरून तो २००१ साली एकदम ९१३ वर आला. वास्तविक गर्भलिंगनिदानास आळा घालणारा देशातील पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला होता. केंद्राचा कायदा १९९४ साली झाला. या सर्व काळातील इंग्रजी अहवालांची शीर्षके 'डिक्लायनिंग सेक्स रेशो' अशी आहेत, आणि मराठीत आपण त्याचे भाषांतर 'घटते लिंगगुणोत्तर' असे केले. दोन्ही वाचून वाटावे की मुली म्हणजे विहिरीचे पाणी. उन्हाळा आला, आटले. आरंभी आपण 'रिड्यूस' आणि 'ड्विंडल' यांतील फरक पाहिला, त्याचे मर्म येथे आहे. मुली रोडावल्या नव्हत्या. त्या कमी केल्या गेल्या होत्या. सोनोग्राफीच्या खोलीत, दवाखान्यात आणि घरातल्या माजघरात झालेल्या निर्णयांनी.

१९९० साली अमर्त्य सेन यांनी एका अमेरिकन नियतकालिकात लेख लिहून, आशिया व उत्तर आफ्रिकेतील देशांत मिळून जगातून दहा कोटींहून अधिक स्त्रिया 'मिसिंग' आहेत असे मांडले. आहारात, औषधोपचारात मुलीच्या वाट्याला येणारी उपेक्षा हे त्यांनी दिलेले प्रमुख कारण होते. आकडेशास्त्राच्या दृष्टीने पाहता तीच घट, तेच गुणोत्तर. पण हा शब्द मात्र वेगळा. घरातून भांडे कमी झाले तर आपण विचार करतो. घरातून माणूस हरवले तर आपण शोधावयास निघतो. 'मिसिंग' म्हटले की कोण, केव्हा, कोणाच्या घरून, हे विचारल्यावाचून राहवत नाही.

त्याचे उत्तर देणारा शब्द आपल्या मराठीत फार पूर्वीपासून होता, आणि तो कोणत्या कोशात नव्हे, तर शाळेच्या हजेरीपटावर होता. एकापाठोपाठ मुली झाल्या की धाकटीचे नाव 'नकुसा' किंवा 'नकोशी' ठेवावयाचे, म्हणजे पुढे तरी मुलगा होईल, अशी समजूत काही भागांत होती. २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात सातारा येथे जिल्हा प्रशासनाने एक समारंभ केला. त्यात अशा २८५ मुलींनी आपली जुनी नावे टाकून दिली आणि नव्या नावाचे प्रमाणपत्र व फुले हाती घेऊन त्या घरी परतल्या.